हाकेएवढी जागा

साखराबाई : न्हाई, मला खालीच बरं हाय. खुर्चीवर बसलं की पायाचं काय करावं ते कळत न्हाई. तुमी सांगा तेजूताई, आला का मपल्या अंजूचा आवाज?

तेजश्री : आधी पाणी तरी घ्या, साखरामावशी. उन्हातून आलात. हे बघा, पुस्तक आलंय. पोलंडहून हान्नानं पाठवलंय, खास तुमच्या घरासाठी एक प्रत.

साखराबाई : पुस्तक ऱ्हाऊ द्या. मी आवाजाचं इचारलं. मागं तुमीच म्हनलात, त्या हानाबाईला लिवलंय, तिच्या त्या काळ्या यंत्रात असंल तर मोबाइलवर धाडंल.

तेजश्री : हो, लिहिलं होतं. सांगते. पण हे बघा तरी आधी. हे पुस्तक दोन्हीकडून सुरू होतं. इकडून उघडलं की हान्नाची पोलिश भाषा. उलटं करून तिकडून उघडलं की याह्याची अरबी. आणि दोघं मधोमध येऊन भेटतात.

साखराबाई : म्हंजी दोन्ही पुठ्ठे पयलेच?

तेजश्री : दोन्ही पहिलेच. शेवट मध्ये आहे.

साखराबाई : आन् मधी काय हाय?

तेजश्री : मध्ये अंजू आहे.

साखराबाई : अंजूचा फोटू?

तेजश्री : फोटो नाही. तिच्यावर लिहिलंय, दोघांनीही. बाकी सगळ्या पुस्तकात त्यानं हिच्या आजोबांवर लिहिलं, हिनं त्याच्या आजोबांवर. ठरलंच होतं तसं. अरब लेखक आणि पोलिश लेखक, अशा जोड्या केल्या होत्या. दोघांपैकी कुणाचाच नाही अशा मुलखात महिनाभर राहायचं, रोज संध्याकाळी एकमेकांना आपल्या घरचं सांगायचं, आणि मग दुसऱ्याचं आपल्या भाषेत लिहायचं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणीनं विचारलं, तुझ्याकडे जागा आहे का. मी म्हटलं, आमच्या आबांचा शेतावरचा बंगला रिकामाच असतो.

साखराबाई : ते म्हाईत हाय मला. भाकरी मीच थापायचे की दोघांच्या. तो याह्याभाऊ ठेचा खाऊन रडायचा आन् परत मागायचा. हानाबाई आंबील प्यायची गलासावर गलास. ह्यो उंटाचं सांगायचा, ती बर्फाचं, रोज चालायचं ओट्यावर. मला म्हनायचे, बसा. मी न्हाई बसले. अंजी बसायची.

तेजश्री : तुम्हाला माहीत आहे का, ते काय बोलायचे? याह्याचे आजोबा उंटांना गाणं म्हणून चालवायचे. वाळवंटात. आजोबा गेले, उंट गेले, ट्रक आले. हान्नाचे आजोबा डोंगरात मेंढ्या राखायचे, त्यांची पण एक हाक होती. तीही गेली. आता तिथं मेंढ्या आहेत, पण त्यांना हाक मारणारं कुणी नाही. दोघंही नसलेल्या हाकांवर लिहायला बसले होते. आणि पहिल्याच संध्याकाळी समोरच्या माळावरून अंजूनं शेळ्यांना हाक मारली.

साखराबाई : मंग?

तेजश्री : मग याह्या उठून उभा राहिला, म्हणे. हातातला चहा सांडला त्याच्या. हान्नानं लिहिलंय.

साखराबाई : लिवलंय का ते? वाचा बरं. तेवढं वाचा.

तेजश्री : मला पोलिश येत नाही हो. पण दोघांनीही आपापलं इंग्रजीत करून पाठवलंय, त्यावरून सांगते. ‘ही मुलगी हाक मारताना तोंडाशी हात धरत नाही. हाक घशातून येत नाही, त्याच्याही खालून येते, आणि येता येता तिच्यात कुठंतरी हसू मिसळतं. शेळ्यांना ती बोलावत नाही. आपण इथं आहोत एवढंच सांगते.’

साखराबाई : हासू असायचं. खरंय बाई. चिडली तरी हाकेत हासायची.

तेजश्री : आणि हे याह्याचं. ‘आजोबांनंतर मी जनावराला अशी मान वळवताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, जगातून गेलं ते. ते इथं आहे, आणि एकोणीस वर्षांचं आहे.’

साखराबाई : चांगलं लिवलंय. दोघांनी बी चांगलं लिवलंय. पर तेजूताई, ह्ये शेळ्यांना कसं वाचून दावू?

तेजश्री : मावशी...

साखराबाई : हासू नका. मी येड्यावानी बोलते, मला कळतंय. पर ऐका. अंजी गेल्यापसून कळप ऱ्हाईना. तिचा भाऊ रामा हाक देतो, मी देते, पोरीचा बाप देतो. थोरली शेळी तोंड वर करून बगती आन् पुन्ना खाली घालती. तिन्हीसांजंला एकेक धरून आनावी लागती. एक टेकावर, एक नाल्यात. दोन पिल्लं लांडग्यानं नेली. आता ह्यांनी ठरवलंय, रईवारच्या बाजारात समदा कळप इकायचा. जनावर हाताखाली न्हाई तर ठिवायचं कावून, म्हनत्यात.

तेजश्री : सुग्रीवभाऊंनी ठरवलं का नक्की?

साखराबाई : यापारी बगून बी गेला. म्हनून तर पळत आले. रामाचा मोबाइल लई जोरात वाजतो. त्याच्यात आवाज भरून द्या. माळावर जाऊन लावते. थोरली जर वळली ना, तर कळप वळतो. कळप वळला तर ह्यांचं मन बी वळंल.

तेजश्री : आणि नाही वळली तर?

साखराबाई : तर न्हाई. पर मला तरी ऐकाया मिळंल.

तेजश्री : म्हणजे?

साखराबाई : कसं सांगू तुमाला. तोंड दिसतं तिचं. ऊसतोडीला फळीवरनं मोळी घिऊन ट्रकात चढताना पाय घसरला, ते दिसतं. रातंदिस दिसतं. तिचे हात दिसत्यात, येनी दिसती. पर आवाज येत न्हाई, तेजूताई. आठवाया बसले की माजाच आवाज येतो. आईला लेकीचा आवाज इसरतो का कुठं? मला इसरलाय. कुनाला सांगितलं न्हाई म्या. पोरीच्या बापाला बी न्हाई. लाज वाटती.

तेजश्री : अशी कशी लाज? असं होतं माणसाला.

साखराबाई : म्हनून म्हनते, आवाज आला असंल तर लावा. तुमी माज्याकडं बगत न्हाईत. आलाय ना?

तेजश्री : सकाळी आलाय.

साखराबाई : आलाय! मंग बाई, ह्ये पुस्तक-पुस्तक काय लावलंय मघापून?

तेजश्री : मावशी, जरा थांबा. मी ऐकलाय तो.

सुंदरराव : कोण आलंय गं तेजू? अरे, साखराबाई! बस, बस. उठू नको. बघितलं का पुस्तक? पहिल्या पानावर माझं नाव आहे. तिकडच्या अक्षरात आहे, मला काही लागत नाही, पण आहे. तेजूनं बोट ठेवून दाखवलं.

साखराबाई : राम राम, आबासाहेब. न्हाई, उभीच बरी.

तेजश्री : आबा, तुम्ही जरा आत बसता का? आम्ही बोलतोय.

सुंदरराव : बोला की. मी काय मधी पडतो? साखराबाई, तुला सांगतो, या तालुक्यात मंत्री आले, सिनेमावाले आले, पण अरबस्तान आणि पोलंड एका वक्ताला कुणाच्या ओट्यावर आलं नव्हतं. ती इज्जत आपल्या गावाची. आपल्या विरोधातल्या त्या अमरसिंहनं बीडला किती कार्यक्रम घेतले, त्याच्याकडं आले का कोणी? आपल्याकडं आले. जेवणाचा, राहण्याचा सगळा बंदोबस्त आपण केला.

साखराबाई : खरंय, आबासाहेब.

सुंदरराव : आणि निरोपाचा कार्यक्रम काय झाला! तुझ्या शेळीनं माझा हार खाल्ला, आठवतंय ना?

साखराबाई : इसरीन कशी? झेंडूचा व्हता. अंजीनं हाक दिली आन् समदा कळप खुर्च्यांतून घुसला. तहसीलदारसाहेब टेबलावर चढले. तेच तर म्हनते मी. त्या दिशी हानाबाईनं यंत्र काढलतं, मी बगितलं, लाल दिवा व्हता त्याला. तेच आलंय, आबासाहेब. अंजीची हाक आलीय मोबाइलवर.

सुंदरराव : आलीय? मग लाव की तेजू. ही बिचारी किती दिवस चकरा मारतीय.

तेजश्री : आबा, नको.

सुंदरराव : नको काय? लेकराचा आवाज आहे तिच्या. ठेव टेबलावर, आणि आवाज मोठा कर. आपला तो स्पीकर आण की, भाषणाचा.

तेजश्री : स्पीकर नको. मावशी, ऐकण्याआधी माझं एक ऐका. हान्ना आणि याह्यानं महिनाभर यंत्र काढलंच नव्हतं. तो त्यांचा नियमच होता, कानानं ऐकायचं आणि नंतर आठवून लिहायचं. यंत्रात भरलं की माणूस ऐकायचं थांबतो, असं याह्या म्हणायचा. शेवटच्या दिवशी हान्नाला राहवलं नाही. तिनं गुपचूप चालू केलं. म्हणजे तिच्याकडं अंजूचं जे काही आहे ते एवढंच आहे. दुसरं नाही.

साखराबाई : एवढंच लई झालं की.

तेजश्री : तिनं खूप प्रयत्न केले. तिकडं एका स्टुडिओत नेऊन साफ करून घेतलं.

साखराबाई : साफ कावून? चिखल लागलता का आवाजाला? लावा तुमी, तेजूताई. माजा जीव टांगलाय.

तेजश्री : अजून एक. अंजू गेली, हे मी हान्नाला कळवलेलं नाही. मला जमलंच नाही लिहायला. मी फक्त लिहिलं, अंजूच्या आईला हाक ऐकायचीय. तिनं उत्तरात लिहिलंय, आईला कशाला हवी, ती तर रोज खरी हाक ऐकत असेल. आणि लिहिलंय, अंजूला सांग, पुढच्या वर्षी आम्ही दोघं परत येतोय, या वेळी यंत्राशिवाय.

साखराबाई : नका कळवू.

तेजश्री : कधीतरी कळवावं लागेल ना.

साखराबाई : त्येंच्या तिकडं दोन हाका गेल्या व्हत्या, तुमीच म्हनलात. उंटाची गेली, मेंढराची गेली. ही एक जिती हाय म्हनून पुस्तकात मधी ठिवलीय त्येंनी. तिकडं तरी चारू द्या शेळ्या तिला. आता लावा.

(तेजश्री मोबाइल टेबलावर ठेवते. साखराबाई पदर कानामागे सारून पुढे सरकते. आवाज सुरू होतो.)

मोबाइलमधले सुंदरराव : ...आणि म्हणून मी ठासून सांगतो, हा जिल्हा दुष्काळी म्हणून बदनाम आहे, ऊसतोडीचा म्हणून बदनाम आहे, पण साहित्याचा इथं दुष्काळ नाही! आज अरबस्तान आणि पोलंड आपल्या एका सतरंजीवर बसलंय...

सुंदरराव : माझंच भाषण आहे हे. बरं आलंय की आवाज.

साखराबाई : श्श.

मोबाइलमधले सुंदरराव : ...आणि ही जिम्मेदारी आम्ही इथून पुढंही पार पाडू. हे घराणं कधी मागं हटलं नाही. आमच्या वडिलांनी शाळेला जागा दिली, आम्ही लेखकांना देतो...

साखराबाई : टाळ्या वाजाय लागल्या. आता हाय. ह्याच्या म्होरंच दिली तिनं हाक. मी तिच्या मागंच उभी व्हते, लिंबाखाली.

मोबाइलमधली हान्ना : प्लीज, अंजू. नाऊ. प्लीज.

साखराबाई : हानाबाई बोलली. आता.

मोबाइलमधली साखराबाई : अंजे, हळू. हळू गं. मान्सं बसलीत म्होरं.

तेजश्री : मावशी...

साखराबाई : थांबा. यील आता.

सुंदरराव : बंद पडला का मोबाइल?

तेजश्री : चालू आहे, आबा. तुम्ही पाणी प्यायला थांबला होतात तिथं.

साखराबाई : घुंगरू. ऐका, घुंगरू वाजलं! ही थोरली. तिच्या गळ्यात पितळंचं व्हतं. आल्या बगा, धावत आल्या. किती आल्या! समद्या आल्या.

मोबाइलमधले सुंदरराव : अरे अरे, हाकला बे कोणी! हार! हार खाल्ला राव तिनं!

साखराबाई : हासत्यात समदे.

तेजश्री : एवढंच आहे, मावशी. इथं बंद केलं तिनं.

साखराबाई : न्हाई. हाक ऱ्हायली की. हाकंच्या आदी आबासाहेब बोलले, मी बोलले, आन् शेळ्या आल्या. हाक कुठंय? तुमी मधलं कापलंय का?

तेजश्री : मी काहीच कापलेलं नाही. तिनंही नाही. म्हणूनच मी... त्या यंत्रात हाक आलीच नाही, मावशी. तुम्ही हळू म्हणालात आणि तिनं हळू मारली. ओठातल्या ओठात. शेळ्या मागच्या बांधालाच होत्या बाभळीखाली, त्यांना कळलं. यंत्राला नाही कळलं. स्टुडिओवाल्यांनी पण खूप वाढवून पाहिलं, तर फक्त वारा मोठा होतो, म्हणाले.

साखराबाई : मी म्हनले हळू.

तेजश्री : तुमची काय चूक त्यात?

साखराबाई : आबासाहेब बसलते म्होरं. तहसीलदार बसलते. आमच्यातली पोर मोठ्या मान्सांम्होरं नरडं सोडती का? म्हनले असते न्हाई का मान्सं, साखरीच्या पोरीला वळन न्हाई? सोयरीक चाललीती तिची. म्हनून म्हनले. माळावर कधी म्हनले न्हाई म्या तिला हळू. एका दिशी म्हनले, आन् त्याच दिशी यंत्र चालू व्हतं.

सुंदरराव : साखराबाई, मी काय हाक मारू नको म्हणलो नव्हतो. मला तर माहीतच नव्हतं, यंत्र चालू आहे का काय.

साखराबाई : तुमी न्हाई म्हनलात, आबासाहेब. तुमाला म्हनावं लागत न्हाई.

तेजश्री : याह्यानं शेवटी हेच लिहिलंय, मावशी. वाचू का? ‘निरोपाच्या दिवशी तिनं इतक्या हळू हाक मारली, की आम्हा कुणालाच ऐकू आली नाही. तरी कळप आला. मला वाटतं, तीच तिची सगळ्यात मोठी हाक.’

साखराबाई : त्येला चांगलं वाटलं असंल ते. त्येला लिवाया चांगलं हाय. मला काय करायचंय मोठ्या हाकंचं? मला ऐकाया पायजे व्हती.

तेजश्री : रविवारचं थांबवता नाही का येणार? मी बोलते सुग्रीवभाऊंशी. आबा, तुम्ही तरी सांगा.

सुंदरराव : सांगतो की. लगेच सांगतो. चारा मी देतो, दोन माणसं देतो राखायला.

साखराबाई : नका. त्या मान्सांना बी हाक मारावीच लागंल ना. जाऊ द्या बाजाराला. तिथं नवा मालक दोरी लावून नेतो, तिथं हाकंचं काम न्हाई.

तेजश्री : पुस्तक घेऊन जा. तुमचंच आहे ते.

साखराबाई : ठिवा तुमच्याकडं. आमच्या घरात मधलं पान उघडून बसाया कुनी न्हाई. रामाला मराठी बी धड वाचता येत न्हाई. तेजूताई, एक कराल का?

तेजश्री : सांगा ना.

साखराबाई : ते परत लावता येतं? समदं नको. मी हळू म्हनले तिथपून, घुंगरू वाजायच्या आदी पातुर. तेवढंच.

तेजश्री : येतं. पण मावशी, ते जेमतेम दोन श्वासांचं आहे.

साखराबाई : असू द्या. त्या दोन श्वासांत ती माज्याम्होरं उभी हाय, तोंड उघडून. शेळ्यांनी ऐकलं म्हंजी तिनं दिलीच ना हाक. तेवढी जागा लावा.

सुंदरराव : अगं पण त्यात तर काहीच नाही, साखराबाई. मी नीट ऐकलं आत्ता. तिथं नुसतं...

साखराबाई : हळू, आबासाहेब. हळू बोला जरा.